वरच्या पाटाचा उतार

ओदिना-बोबोंचे पाय कोरडे असलेले आमच्या गावात कुणी फारसं पाहिलं नव्हतं. मार्च उजाडला की ते पाटात उतरायचे, ते ऑक्टोबरात नदीवरचं पाटाचं दार बंद होईपर्यंत तिथेच. गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार, खांद्यावर फावडं आणि टोपीच्या कडेला खोचलेली जर्दाळूची दोन-चार पानं. बोबो म्हणजे आजोबा; ते गावचे मिराब होते. मिराब म्हणजे पाटकरी. कुणाच्या बागेत कधी आणि किती वेळ पाणी जायचं, हे तो ठरवतो. हे काही सरकारी पद नाही. दर वसंतात पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस जमतो, त्या सामूहिक कामाला हशर म्हणतात. त्याच दिवशी दुपारी, देगीतला पुलाव उतरायच्या आधी, गावातले म्हातारे विचारतात, "यंदा पाणी कुणाच्या हाती द्यायचं?" एकवीस वर्षं गावानं एकच नाव घेतलं.

पानं कशासाठी, तर पाटाची तब्येत बघण्यासाठी. बोबो एक पान पाण्यात सोडायचे आणि त्याच्या बरोबरीनं काठानं चालायला लागायचे. "पान माझ्या पुढं पळालं तर उतार जास्त, पाट तळ खाणार. मागं रेंगाळलं तर गाळ बसणार. माझ्याबरोबर गप्पा मारत आलं तर समजायचं, पाट सुखात आहे," असं ते सांगायचे.

माणूस मिश्कील होता, पण पाण्याच्या बाबतीत सख्ख्या भावाचाही नव्हता. एकदा दोन जावा पाळीवरून भांडायला लागल्या. ही म्हणते माझी वेळ सुरू झाली, ती म्हणते माझी संपली नाही. बोबोंनी दोघींची दारं मातीनं बंद केली आणि पाणी तिसऱ्याच घरी सोडलं. "भांडून झालं की हाक मारा, तोवर हिचा कांदा भिजतोय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या दोघी एकत्र येऊन त्यांना शिव्या देत होत्या. ते खूश होते, कारण जावा तीन वर्षांनी एकमेकींशी बोलल्या होत्या.

हे सगळं मी मोठ्या मायेनं सांगतोय असं वाटेल. माया आहेच. पण त्यांचं नाव घेताना माझी मान खाली जाते, आणि ती का जाते तेच सांगायला बसलोय.

मी तोलिब. गावच्या शाळेत गणित शिकवतो. जन्म जिल्ह्याच्या गावचा, बायको इथली. पंचवीस वर्षांचा असताना पदविका घेऊन आलो, तेव्हा गावात 'मुअल्लिम', म्हणजे मास्तर, म्हणून केवढा मान! साठीचे म्हातारे उठून जागा द्यायचे. तेवढ्या वयात एवढा मान मिळाला की माणूस बिघडतो. मी बिघडलो होतो.

मी आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी जुन्या पाटाच्या वरच्या अंगाची पडीक जमीन पंधरा तरुण घरांना बागेसाठी मिळाली. जमीन पाटाच्या वर, म्हणजे जुन्या पाटाचं पाणी तिथं चढणार नाही. पंपाला तेल नाही. तेव्हा नदीवर थोडं वरून नवं दार काढायचं आणि तिथून जुन्या पाटाच्या जोडीनं आठशे मीटरचा नवा पाट खणायचा असं ठरलं. उतार मोजणारा जुना सर्व्हेअर मजुरीला रशियात गेलेला. मग साहजिकच सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या.

"मुअल्लिम, हे तुमच्या पुस्तकात असेल ना?" चहाच्या दुकानात कुणीतरी विचारलं.

"नववीच्या पुस्तकात आहे," मी म्हणालो. "दिलेल्या रेषेला समांतर आणि दिलेल्या बिंदूतून जाणारी रेषा. पोरं दहा मिनिटांत सोडवतात."

आणि ते खरंच तेवढंच सोपं आहे. दाराजवळ अंतर शून्य धरायचं. जुना पाट आठशे मीटर गेल्यावर किती खाली येतो ते मोजायचं. तेवढ्यावरून उतार मिळाला. समांतर रेषेचा उतार तोच राहतो, फक्त सुरुवातीची उंची बदलते. जुना पाट चाळीस वर्षं बिनतक्रार चाललाय, म्हणजे त्याचा उतार चांगला. तोच उतार घ्यायचा आणि नव्या दाराच्या उंचीवरून ओढायचा.

मोजायला मी आणि बोबो गेलो. गवंड्याची पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी घेतली होती. तिचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. एप्रिलचा दुसरा आठवडा, पाट भरून वाहत होता. बोबो सवयीनं आत उतरले. मी काठावर. माझ्या अंगात लग्नातली राखाडी पँट होती, कारण मोजणीनंतर चहाला म्हातारे बसणार होते आणि मला तिथं नीटनेटकं दिसायचं होतं.

"उतरा की आत, मुअल्लिम. पाणी चावत नाही," बोबो म्हणाले.

"काठावरूनही तेच येईल, बोबो. काठ काय नि तळ काय, दोन्ही एकाच पाटाचे."

त्यांनी माझ्या पँटकडं बघितलं, हसले आणि तेही काठावर चढून आले. आम्ही चाळीस वेळा नळी सरकवली. सुरुवातीच्या काठाची उंची मी दहा धरली होती, शेवटाला सात पूर्णांक सहा आली. आठशे मीटरला दोन मीटर चाळीस सेंटिमीटर. उतार हजाराला तीन. नवं दार जुन्या काठाच्या दोन मीटर वर, म्हणजे बारा. वहीत लिहिलं: y = −0.003x + 12. खाली दोन रेघा मारल्या. आजही ती वही उघडली की त्या दोन रेघा माझ्याकडं बघून हसतात असं वाटतं.

नवा पाट खणायच्या हशरला सव्वाशे माणसं जमली. बोबो माझ्या आकड्यांप्रमाणे पहाटेपासून खुंट्या ठोकत होते. तीनशे मीटरच्या पुढं ते थांबले, मागं वळून बघितलं, पुन्हा पुढं बघितलं आणि माझ्याकडं आले.

"मुअल्लिम, शेवटाकडं फार खोल जातंय. आमची एक रीत आहे. आधी हातभर रुंदीची चरी ओढायची, त्यात थोडं पाणी सोडायचं, ते कसं चालतं बघायचं, मग पाट खणायचा. एक दिवस जाईल फक्त. पाण्याला आधी विचारू या."

सव्वाशे माणसं फावडी टेकून ऐकत होती. देगीखाली जाळ लागला होता. मला वाटलं, हा म्हातारा चारचौघांत माझी परीक्षा घेतोय.

"बोबो," मी मोठ्यानं म्हणालो, "पाणी शाळेत गेलेलं नाही, पण चालतं याच समीकरणावर. तुमचे डोळे आता सत्तरीचे आहेत. समीकरणाला वय नसतं."

लोक हसले. बोबोही हसले. मान डोलावून म्हणाले, "मास्तरानं सांगितलं म्हणजे झालं. खणा रे!" आणि सगळ्यांत आधी त्यांचंच फावडं जमिनीत गेलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल दुसऱ्यांचे रिकामे राहायचे होते.

मे महिन्यात पाणी सोडलं. वरच्या अकरा बागांना मिळालं. शेवटच्या चार बागांपाशी पाणी पाटाच्या तळाशी पळत होतं आणि जमीन त्याच्या वर मांडीभर उंच. बादल्यांनी उपसा करून बघितलं. जून-जुलैच्या उन्हात बादल्यांनी बाग जगत नाही.

सगळ्यांत शेवटची बाग नुसरतची होती. माझ्याच वयाचा, अबोल, कष्टाळू माणूस. त्यानं बापाच्या हातच्या जुन्या झाडाची कलमं बांधून साठ रोपं लावली होती. गावातली निम्मी पोरं रशियात मजुरीला गेलेली. हा बागेच्या भरवशावर थांबला होता. घरी दोन वर्षांची मुलगी, म्हातारी आई. ऑगस्टपर्यंत साठच्या साठ रोपं वाळली. सप्टेंबरात नुसरत रशियात गेला. पाच वर्षांनी परतला तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

जूनमध्येच म्हाताऱ्यांनी चहाच्या दुकानात बैठक बोलावली होती. मी वही घेऊन गेलो. घाबरलो नव्हतो, कारण मी आदल्या रात्री आकडेमोड तीनदा तपासली होती. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर.

"हिशेब चुकला की खुंट्या चुकल्या?" एकानं सरळ विचारलं.

मी वही पुढं केली. ती कुणी हातात घ्यायच्या आत बोबो म्हणाले, "हिशेब कागदावर बरोबर होता. खुंट्या माझ्या हातच्या. हलल्या असतील. पाण्याचा जबाब मिराबानं द्यायचा असतो. तो मी देतोय."

मला ते पटलं. खोटं का सांगू, मला मनापासून पटलं. सत्तरीचा माणूस, हात थरथरतात, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलंही. सबोहत पोटुशी होती, लोकर विंचरत होती. ती म्हणाली, "माझ्या लहानपणी त्यांनी ठोकलेल्या खुंटीला माझा बाप गाय बांधायचा. हलल्या म्हणे!" मी तिला गप्प केलं.

पुढच्या मार्चमध्ये पाटाची सफाई निघाली. घरटी तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटतात. मी पहिल्यांदाच फावडं घेऊन आत उतरत होतो, आणि माझ्या चिठ्ठीत जुन्या पाटाचं तोंड निघालं, नदीच्या दाराजवळचा तुकडा. तिथं गाळ माझ्या गुडघ्यापर्यंत. फावडं भरून तो छातीच्याही वर फेकावा लागत होता, कारण काठ तेवढा उंच. दोन तासांत माझे खांदे भरून आले. शेजारच्या तुकड्यातला गडी हसून म्हणाला, "मुअल्लिम, नशीब फुटकं तुमचं! शेवटाचा तुकडा मिळाला असता तर अर्ध्या तासात सुटला असता. डोंगरातून आलेला गाळ सगळा तोंडाशीच बसतो. आमच्या आज्यापासून इथंच काढतोय नि इथंच काठावर टाकतोय."

मी फावडं टेकून काठाकडं बघितलं. तो माझ्या छातीशी होता. चाळीस वर्षं, दर वसंतात, टाकलेल्या गाळाचा काठ. त्या दिवशी मी हातातल्या फावड्यानंच मोजलं होतं: गाळ काढल्यावर तळापासून काठ एक मीटर वीस. जेवायच्या सुट्टीचं निमित्त करून मी धावत शेवटाला गेलो. तिथं काठ जेमतेम चाळीस सेंटिमीटर.

काठाचा उतार हजाराला तीन. तळाचा हजाराला दोन. पाणी तळावरून चालतं. मी माझी रेषा काढली होती अगदी अचूक, पण काढली होती गाळाच्या ढिगाला समांतर. शेवटाला फरक ऐंशी सेंटिमीटर. मांडीभर. बोबोंच्या खुंट्या माझ्या आकड्यांवर अगदी बरोबर बसल्या होत्या, म्हणून तर पाणी बरोबर तेवढंच खाली गेलं होतं.

मी परत आलो तेव्हा पुलावाचं झाकण अजून निघालं नव्हतं आणि म्हातारे विचारत होते, "यंदा पाणी कुणाच्या हाती द्यायचं?"

मग एक जण म्हणाला, "ओदिना, राग नको मानू. डोळे थकले तुझे."

"थकले असतील," बोबो म्हणाले.

तरण्या होलमतचं नाव निघालं. मी चार पावलांवर उभा होतो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'थांबा, चूक माझी आहे.' चार शब्द. माझा पोरगा तीन महिन्यांचा होता, शाळेत तपासणी येणार होती, समोर माझेच विद्यार्थी ताटं वाटत होते. मी मूग गिळून गप्प बसलो. बोबोंनी आपलं फावडं होलमतच्या हातात दिलं, काठावर बसले, टोपीनं पाय पुसले आणि मुलानं आणून दिलेले मोजे घातले. ते मोजे घालत असताना मी ताटातला भात खात होतो, आणि मला भूक होती. याची मला आजही लाज वाटते.

होलमतनं आधी चरी ओढून पाण्याला विचारलं आणि खालचा अर्धा पाट नव्यानं खणला. पाणी चारही बागांना चढलं. झालं! गावाला पुरावा मिळाला की म्हाताऱ्यानं घोळ घातला होता.

तीन आठवडे मला झोप नव्हती. शेवटी एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात कलम बांधत होते.

"बोबो, ते खुंट्यांचं..."

"खुंट्या चुलीत गेल्या, मुअल्लिम. थंडी होती."

"नाही, मला बोलायचंय. काठ आणि तळ..."

त्यांनी दातांनी दोरा तोडला. "पोरं तुमचं ऐकतात का वर्गात?"

"ऐकतात."

"मग जा, शिकवा त्यांना. मिराब काय, पाण्यात उभा राहिला की मिराब. उद्या गाव म्हणायला लागलं की मास्तराला आकडे येत नाहीत, तर तुम्ही इथं राहाल का? आणि तुम्ही गेलात तर दुसरा कोण येतोय? सगळे चाललेत रशियाला."

यावर मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, "तुमचे उपकार आहेत." आणि निघालो. सुटकेचं दार त्यांनी किलकिलं करून दिलं होतं, मी ते बाहेरून लावून घेतलं.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. बागेत खपायचे, लोकांची कलमं बांधून द्यायचे. दर शरदात शाळेच्या फाटकाशी यायचे आणि सुकवलेल्या जर्दाळूची पुरचुंडी माझ्या हातात द्यायचे. एका वर्षी त्यांनी सहज विचारलं, "समांतर रेघा कितवीत असतात?"

"नववीत, बोबो."

"नीट शिकवा. रेघ काढायच्या आधी, ती नक्की कशाला समांतर हवी, हे विचारायला शिकवा." आणि काठी टेकत गेले. बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी रागावून तरी मोकळा झालो असतो.

दर वर्षी नववीला तो धडा आला की मी तो फळ्यावर घाईघाईनं उरकायचो. पाटाचं उदाहरण कधीच दिलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात ते गेले. अंगणात जनाजा ठेवला होता. आमच्याकडं मुल्ला जमलेल्यांना विचारतो, हा माणूस कसा होता? सगळे एका आवाजात म्हणाले, "भला माणूस होता." मग त्यांचा मुलगा पुढं झाला. रीतीप्रमाणे म्हणाला, "माझ्या वडिलांनी कुणाचं मन दुखवलं असेल, कुणाचं नुकसान केलं असेल, तर आता सांगा. मी भरून देईन, नाहीतर माफ करा."

सहसा यावर कुणी बोलत नाही. पण नुसरत पुढं आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "माझी साठ रोपं यांच्या पाटानं गेली. माझी घरातली पाच वर्षं गेली. आईच्या मातीला मी नव्हतो. आज ते सगळं मी माफ केलं. बोबो, मी राजी आहे, माझं काही मागणं नाही."

बायका रडायला लागल्या. मी ओरडलोच, "माफ कसलं करतोस! त्यांनी काही केलंच नाही! उतार मी चुकीचा काढला होता. खुंट्या बरोबर होत्या. चूक माझी आहे, बारा वर्षं माझीच आहे!"

मग गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरले होते. तो लोकांकडं वळून म्हणाला, "बघा रे! मेलेल्या माणसावरचा डाग हा स्वतःच्या अंगावर घेतोय. शिकलेला माणूस असा असावा." नुसरतनं माझा हात दोन्ही हातांत घेऊन छातीला लावला.

"अहो, खरंच सांगतोय मी!"

"हो हो, मुअल्लिम, बसा. पाणी द्या रे त्यांना."

शुक्रवारी मुल्लानं प्रवचनात माझं नाव न घेता माझा दाखला दिला. शेजारणींनी पुलाव पाठवला. ज्यांनी कधी बघून हसायचे कष्ट घेतले नव्हते ते रस्त्यात थांबून छातीवर हात ठेवायला लागले. सबोहत ताटं घासता घासता म्हणाली, "बारा वर्षं तोंड शिवून बसलात, आणि आता उघडलंत तर लोक त्यात साखर घालतायत. धन्य आहे तुमची!"

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? आकडे तुम्हाला येतात, मला नाही."

पाट तेव्हा कोरडे होते. सोमवारी मी नववीच्या वर्गाला नळी घेऊन जुन्या पाटावर नेलं. दोन गट केले. एकानं काठ मोजला, एकानं तळ. तळाच्या गटात नुसरतची मुलगी बरनो होती, वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत फटकळ पोरगी. मी या वेळी स्वतः तळात उतरलो होतो. परत आल्यावर पोरांनी सांगितलेली दोन्ही समीकरणं मी फळ्यावर मांडली. बारा वर्षांच्या गाळानं काठाचा उतार थोडा आणखी वाढला होता, हजाराला तीनच्या वर गेला होता. तळाचा दोनच.

मग मी जुनी वही काढली आणि ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. "ही वरच्या पाटाची पहिली रेषा. ही कशाला समांतर आहे?"

पोरं वाकून बघायला लागली. बरनोनंच उत्तर दिलं, "काठाला."

"आणि कशाला हवी होती?"

"तळाला. काठ कशाला मोजायचा? काठ तर गाळाचा असतो. हे कुणी काढलं, इतकं..." ती थांबली. तिनं वहीतलं अक्षर बघितलं, फळ्यावरचं माझं अक्षर बघितलं. मी सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ देतो, गावात दुसरं कुणी देत नाही.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मी."

"मग ओदिना-बोबो?"

"त्यांनी फक्त खुंट्या ठोकल्या. मी सांगितल्या तिथं."

बरनोनं दोन्ही समीकरणं सावकाश उतरवून घेतली, उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "ही वही मी घरी नेऊ?"

मी दिली.

संध्याकाळी नुसरत आला. वही त्याच्या हातात होती. सबोहतनं सतरंजी झटकली, रोटी मोडून ठेवली, चहा ओतला. तो बसला नाही.

"पोरगी म्हणते ते खरं?"

"खरं. मी त्या दिवशीही तेच सांगत होतो."

"त्या दिवशी मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. तुझा हात छातीला लावला मी." इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा अरेतुरे करत होता. "हे तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच वर्षी. सफाईच्या दिवशी."

त्यानं वही मिटली.

"रोपांचं सोड," तो म्हणाला. "रोपं मी पुन्हा लावली. आईचंही मी देवावर टाकलं. पण मी परत आल्यापासून सात वर्षं तो म्हातारा रोज सकाळी माझ्या बागेवरून जायचा. माझ्या दुप्पट वयाचा माणूस, तो आधी मला सलाम करायचा. आणि मी तोंड फिरवायचो. रोज. पोरगी बरोबर असली की मुद्दाम फिरवायचो, तिला दिसावं म्हणून. त्याला माहीत होतं की त्यानं काही केलेलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा. सात वर्षांत एकदाही मी त्याला 'वालेकुम' म्हणालो नाही." त्यानं वही माझ्यापुढं धरली. "आता ते मी कुणाला जाऊन म्हणू? सांग ना, मास्तर आहेस तू."

त्यानं वही रोटीच्या शेजारी ठेवली आणि चहाला हात न लावता निघून गेला.